हरीराम काय म्हणाला?

मला पाहायला आलेल्या मंडळींत एका माणसाने मला पाहिलंच नाही. ग्वाल्हेरला दौलतगंजातल्या आमच्या बैठकीत सगळे जण पोहे खातखात माझ्याकडे टक लावून बसले होते आणि नवऱ्यामुलाचे मामा ताटली गुडघ्यावर ठेवून खिडकीखालच्या भिंतीला गेलेली चीर बघत होते. थोड्या वेळाने ते उठले, चिरेत नख घालून पाहिलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "ही पावसाळ्यात मिटते आणि उन्हाळ्यात उघडते ना?"

वडिलांचा चेहरा पडला. "आपण मुलीला काही विचारणार नाही?"

"मुलगी छान आहे," मामा म्हणाले. "चीर चांगली नाही."

आता मी तेव्हा नुसती बी.एस्सी. नव्हते, सुवर्णपदकवाली बी.एस्सी. होते. ते पदक पोह्यांच्या दुसऱ्या वाढपाला सगळ्यांच्या कानावर जाईल, असं आईला पढवून ठेवलं होतं मी. आणि या माणसाने पदक ऐकून मान डोलावली ती चिरेकडे बघत! त्या संध्याकाळी मी आईला निक्षून सांगितलं, मुलगा पसंत आहे, पण त्या मामांना लग्नात माझ्यासमोर आणू नका. ते लग्नात आले. मांडवाचा एकेक खांब हलवून बघत फिरले. अक्षतासुद्धा एका हाताने टाकल्या, दुसरा खांबावर होता.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली सगळी मराठी घरं त्यांना मातीमामा म्हणत. शिंदे की छावनीत त्यांच्या घरामागे दोन खोल्यांची लॅब होती. काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. कुणाला इमारत बांधायची असेल तर आधी त्या जागेत खोल भोक पाडायचं, खालची माती थराथराने वर काढायची, ती तपासायची आणि पाया किती खोल घ्यायचा ते लिहून द्यायचं. आता तर नकाशा मंजूर व्हायला असला कागद लागतो. तेव्हा लोकांना वाटे, की हा माणूस आपल्या घराच्या आड येतोय. लोक गच्ची कशी हवी, सज्जा किती पुढे काढायचा, देवघर कुठे, असलं मनात घेऊन उत्साहाने येत. मामा त्यांना बसवत आणि विचारत, "त्या जागेवर आधी काय होतं?" कुणालाच माहीत नसे. मग मामा म्हणत, "म्हाताऱ्या माणसाला विचारून या," आणि दुसऱ्या कामाला लागत. गिऱ्हाईक तोंडात मारल्यासारखं परत जाई.

कंपू भागातल्या एका डॉक्टरांनी तर आमच्या घरी येऊन माझ्या सासूबाईंपुढे हात जोडले होते. "ताई, तुमच्या भावाला सांगा, मला तीन मजली नर्सिंग होम बांधायचंय, किल्ला नाही." मामांनी तिथं चौथं भोक पाडायचा हट्ट धरला होता. तीन भोकांत उत्तम माती लागली होती. चौथ्यात विटांचा चुरा आणि राख लागली. कुणीतरी कधीकाळी बुजवून टाकलेली बावडी निघाली, आणि ती नेमकी डॉक्टरांच्या ऑपरेशन थिएटरखाली. डॉक्टरांनी आभार मानले नाहीत. उलट गावभर सांगितलं, की यांनी माझ्या प्लॉटमध्ये विहीर काढली!

अशा माणसाच्या हाताखाली मी जाऊन पडले ती सासूबाईंमुळे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, घरात माझं पदक आणि माझी कुरकुर दोन्ही ऐकून त्या कंटाळल्या होत्या. त्यांनी भावाला सांगितलं, "हिला घेऊन जा रे, तुझी माती तरी मोजेल." मामांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. घरी मी सूनबाई, लॅबमध्ये असिस्टंट. घरी ते मला 'तुम्ही' म्हणत, लॅबमध्ये 'तू'. घरी मी डोक्यावर पदर घेऊन वाकून नमस्कार करायचा, लॅबमध्ये 'साहेब' म्हणायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लॅबची माती उंबऱ्याच्या आत आणायची नाही. दिवसभर मला रडकुंडीला आणलेला हा माणूस संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येई आणि "सूनबाई, तुमच्या हातची कढी म्हणजे काय सांगावं!" असं म्हणे. मला वाटे, कढीचं पातेलं यांच्या डोक्यावर पालथं घालावं.

कारण दिवसभर मी काय करत होते? मातीच्या वाती वळत होते. खरंच. ओली चिकणमाती काचेवर तळव्याने वळायची, आगपेटीच्या काडीहून जरा जाड वात करायची आणि ती कुठं तुटते ते बघायचं. त्यावरून मातीत किती पाणी असताना ती लवचीक राहते ते कळतं. माझ्या आजीने जन्मभर कापसाच्या वाती वळल्या आणि मला त्यातून सुटायचं म्हणून मी रसायनशास्त्र शिकले, सुवर्णपदक मिळवलं आणि बसले वाती वळत! त्यात मामा मागे येऊन उभे राहत. "पाणी कुठं गेलं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. मातीचं वजन करा, भट्टीत सुकवा, परत वजन करा. जो फरक तो पाणी. वजनात गुंजभर गडबड झाली की, "पाणी कुठं गेलं? उडालं, सांडलं, की तू प्यायलीस?"

पण माझा जीव खऱ्या अर्थाने नकोसा होई तो हरीरामच्या साक्षीला. हरीराम मामांचा भोकं पाडणारा मुख्य माणूस. भिंडकडचा, उंचापुरा, अंगठाबहाद्दर. जमिनीत नळी ठोकताना ती एक फूट आत जायला हातोड्याचे किती ठोके लागले, ते मोजावं लागतं. हरीराम ते चिंचोक्यांनी मोजे. एका खिशातला चिंचोका दुसऱ्या खिशात. तो कामावरून परत आला की मामा त्याला स्टुलावर बसवत, स्वतःच्या हाताने पितळी पेल्यात चहा ओतून देत आणि म्हणत, "पहले चाय. फिर ज़मीन." मग हरीराम सुरू होई. कुठली माती कशी लागली, हातोडा कसा वाजला, नळी वर काढताना वास कसला आला. वारा कुठून होता, शेजारच्या बाईने काय शिवी दिली, हेही त्यात येई. मामा ते सगळं लाल वहीत उतरवून घेत. ती साक्ष पुरी झाल्याशिवाय एकही नमुना उघडायचा नाही, हा लॅबचा कायदा. दीड-दीड तास! बाहेर भाजणारी लू चाललेली, आत पंख्याचा खडखडाट, आणि मी हातात सुरी घेऊन बसलेली.

एकदा मी म्हटलं, "साहेब, कुत्र्याचं कशाला लिहायचं? हरीराम म्हणाला, दुपारभर कुत्रा एका कोपऱ्यात पडून होता. त्याचा मातीशी काय संबंध?"

"मे महिना आहे," मामा मान वर न करता म्हणाले. "कुत्रा गार जागा शोधतो. कोपऱ्यात सावली होती का रे, हरीराम?"

"नहीं साहब, नंगी धूप थी."

"मग त्या कोपऱ्यात एक भोक आणखी."

त्या कोपऱ्यात सहा फुटांवर पाणी लागलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. चार वर्षं मी प्रयोगशाळेत घालवली ती काय कुत्र्याकडून हरायला?

पुढच्या वर्षी स्पितीचं काम आलं. मामांच्या हाताखाली शिकलेला एक इंजिनियर तिकडे हिमालयात नेमणुकीवर होता. एका उंचावरच्या गावात मुलींच्या शाळेचं वसतिगृह बांधायचं होतं. लांबलांबच्या वाड्यांतल्या मुली बर्फात अडकतात, शाळा सुटते, म्हणून. तिथं बांधकाम उन्हाळ्याचे चारच महिने चालतं, त्यामुळे पायाचा रिपोर्ट वेळेवर हवा होता. मामा लहान मुलासारखे हरखले. थंडीतली जमीन त्यांनी पुस्तकातच पाहिली होती. पण त्यांचा मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन ठरलं होतं. त्यांनी मार्चअखेरीला हरीरामला दोन माणसं देऊन पाठवलं. मामींनी त्याला मामांचा जुना ओव्हरकोट दिला.

एप्रिलच्या मध्यावर हरीराम परत आला. ग्वाल्हेरचं ऊन तेव्हा चाळिशीला टेकलेलं. झाकणावर मेण ओतून बंद केलेले अकरा पत्र्याचे डबे त्याने लॅबमध्ये मांडले. मामा कंपूतल्या इस्पितळात डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेले होते आणि हरीरामच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं. तो दारातूनच म्हणाला, "बाईजी, साहब से कहना मैं लौटकर सब बताऊँगा. तब तक डिब्बे मत खोलना."

मत खोलना! हे मला कोण सांगतंय? तर चिंचोके मोजणारा हरीराम! तिकडून इंजिनियरचं पत्र आलं होतं, की गवंडी मेमध्ये येतील, लवकर कळवा. म्हटलं, मामा पट्टी सोडून घरी येतील तेव्हा रिपोर्ट टाइप होऊन तयार असेल. बघतील तरी असिस्टंट काय चीज आहे ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे उघडले. प्रत्येक डब्यात खाली मैद्यासारखी बारीक करडी माती बसलेली आणि वर दोन-दोन बोटं नितळ पाणी. मी काय विचार केला असेल? की प्रवासात बर्फ पडून आत गेलं असणार, तिकडे पडतंच. मेण शाबूत होतं. मीच तर ते सुरीने खरवडून काढलं होतं, अकराच्या अकरा डब्यांचं, आणि मेणाचा गोळा करून देवघरात द्यायला बाजूला ठेवला होता. तरी मला सुचलं नाही. सुवर्णपदक गळ्यात असलं की मान खाली वळत नाही. मी ते पाणी नीट निथळलं आणि वाया कशाला घालवायचं म्हणून अंगणातल्या मोगऱ्याला घातलं. मग उरलेल्या मातीच्या सगळ्या चाचण्या केल्या. झकास निकाल आले. ग्वाल्हेरच्या हिशेबाने लिहून टाकलं, पाया तीन फूट.

रिपोर्ट घेऊन मी इस्पितळात गेले. तेव्हा मोतीबिंदूनंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला दिवसचे दिवस उताणं ठेवत. मामा एका पिशवीवर बोटं फिरवत पडले होते. मला बघून, म्हणजे ऐकून, म्हणाले, "ही वाळू चंबळची नाही. सिंध नदीची आहे. नर्सला सांगितलं तर ती डॉक्टरांना बोलवायला गेली."

मी रिपोर्ट वाचून दाखवला. ते स्वस्थ ऐकत होते. शेवटी विचारलं, "पाणी?"

"थोडं बर्फाचं वरून गेलं होतं डब्यांत. काढून टाकलं."

"हरीराम काय म्हणाला?"

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्टीलचा डबा पाडला, तो घरंगळत गेलेला मला अजून ऐकू येतो. मी म्हटलं, "काही विशेष नाही म्हणाला."

त्यांनी हात पुढे केला. मी पेन दिलं, त्यांचं बोट धरून कागदावर जागेवर ठेवलं. सही तिरकी, खाली उतरत गेली. आयुष्यात पहिल्यांदा न बघता केलेली सही. मी कागद त्याच दुपारी पोस्टात टाकला आणि येताना रबडी खाल्ली. हेही सांगायलाच हवं.

बारा दिवसांनी हरीराम लग्नाचे लाडू घेऊन आला आणि आपणहून स्टुलावर बसला. मामा नुकतेच घरी आले होते, त्यांना खाली वाकायची मनाई होती, म्हणून लॅब बंदच होती. मी म्हटलं, "साहेब दोन-चार दिवसांनी येतील. मला सांग."

"पहले चाय, बाईजी," तो म्हणाला.

मी चडफडत चहा केला. त्याने सावकाश तीन घोट घेतले आणि म्हणाला, "हाथ-डेढ़ हाथ तो माटी थी. उसके नीचे माटी नहीं थी जी, काँच थी. एक परत माटी, एक परत काँच. जैसे बर्फी में वरक. छैनी मारो तो टन्न बोले. टुकड़े काट-काटकर डिब्बों में भरे, मोम लगाया. और यहाँ तक आते-आते तो..." तो थांबला. त्याची नजर टेबलावर रांगेने धुऊन पालथ्या घातलेल्या अकरा डब्यांकडे गेली होती. "पानी कहाँ गया, बाईजी?"

मी अंगणाकडे बघितलं. मोगरा त्या वर्षी फार छान फुलला होता. स्पितीची जमीन घातली होती मी त्याला.

त्या रात्री मामा-मामी आमच्याकडे जेवायला होते, तेव्हा मी कायदा मोडला आणि लॅबची माती उंबऱ्याच्या आत आणली. मामांना वरण वाढताना म्हटलं, "मामा, हरीराम काही म्हणाला नव्हता, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं." आणि मग सगळं सांगितलं, काच, मोगरा, सगळं. सासूबाईंचा घास हातात राहिला. मी वाट बघत होते, की आता हा माणूस ताट सारून उठेल. मामांनी काळा चष्मा कपाळावर चढवला, भात संपवला, हात धुतला आणि मामींना विचारलं, "तुमच्या फ्रिजमध्ये जागा आहे का?"

मामींचा फ्रिज नवा होता. त्यावर भरतकामाचा रुमाल असे आणि बर्फाच्या कप्प्यात आंब्याचं आइस्क्रीम. त्यांच्या घरी जाऊन मामांनी माझ्याकडून उरलेली माती पाण्यात कालवून घेतली, स्टीलच्या पेल्यात काठोकाठ भरायला लावली, वर छोटी ताटली झाकली आणि पेला त्या आइस्क्रीमशेजारी ठेवला. मामी म्हणाल्या, "अहो, शेण आहे का हे? माझ्या साच्याजवळ?" मामा म्हणाले, "वसतिगृह आहे."

सकाळी मला बोलावणं आलं. मामांना अजून धूसरच दिसत होतं, त्यामुळे ते म्हणाले, "मला दिसत नाही. तू सांग." त्यांच्याच घरात, मामींसमोर, 'तू'. मी कप्पा उघडला. माती पेल्याच्या काठाच्या बोटभर वर आली होती, आणि ताटली एका बाजूला कलंडून आइस्क्रीमवर पडली होती.

"बारीक माती पाणी ओढत राहते," मामा म्हणाले. "ते गोठलं की फुगतं आणि वरचं सगळं उचलतं. उन्हाळा आला की परत बसतं. दर वर्षी वर, दर वर्षी खाली. आता ठेव त्या ताटलीवर तुझं वसतिगृह. आत मुली झोपल्यात असं समज."

एवढंच बोलले. यापेक्षा कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी काम थांबवायची तार केली. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी जातो." डॉक्टरांनी सहा आठवडे वाकू नका, धक्के नकोत, वारा-धूळ नको, असं बजावलं होतं. मामी रडल्या, सासूबाई भांडल्या. मी म्हटलं, मी आणि हरीराम जातो, तुम्ही चिठ्ठी द्या. तर म्हणे, "चिठ्ठीवर सही माझी असेल. गेल्या खेपेच्या कागदावरही माझीच होती. ते लोक कुठली मानतील?" शेवटी सासूबाईंनी मला दटावलं, "तू जा या दोघांबरोबर, आणि माझा भाऊ धड परत आण."

तो प्रवास मी कसा केला ते माझं मला माहीत. आगगाडी, मग बस, मग दुसरी बस, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. प्रत्येक खड्ड्याला मामा डोळ्यावरचा कापूस तळव्याने दाबून धरत आणि मी माझ्या गळ्यातलं पदक मनातल्या मनात दरीत फेके. आणि मामा? खिडकीला नाक लावून, "हरीराम, ये मिट्टी देखी? असिस्टंट, लिही." दिसत काय होतं त्यांना, देव जाणे. मी तेव्हा ह्यांची लोकरी कानटोपी घातली होती आणि मामेसासऱ्यांपुढे म्हणून तिच्यावरून पदर घेतला होता. गावातल्या बायकांनी मला बघून तोंडाला ओढणी लावली आणि पोटभर हसून घेतलं.

तार पोचलीच नव्हती. चर खणून झाले होते, बरोब्बर तीन फूट. एका कोपऱ्यात दगड बसवायलाही सुरुवात झाली होती. मामा कुणाला न विचारता चरात उतरले, गुडघ्यांवर बसले, वाकले, आणि उघडा तळवा तळाच्या मातीवर ठेवला. वरच्या तीन फुटांतला बर्फ मेच्या उन्हात वितळून गेला होता, म्हणून त्यांनी हरीरामला तिथंच आणखी हातभर खणायला सांगितलं. छिन्नी टन्न वाजली. मातीत बर्फाच्या पापुद्र्यांचे थर उन्हात चमकले.

कामावरचा सुपरवायझर वैतागला. त्याचंही खरंच होतं, चार महिन्यांतले दिवस चालले होते. "साहब, तीन फुट आप ही ने लिखा है. ये देखिए, आप ही के दस्तख़त."

"दस्तख़त मेरे हैं," मामा चरातूनच म्हणाले, "इसीलिए आया हूँ. ग़लती मेरी है. छह फुट खोदिए, नीचे मोटा पत्थर और बजरी भरिए, पानी निकलने की नाली रखिए. मैं यहीं बैठा हूँ."

मी पुढे झाले. म्हटलं, "गलती इनकी नहीं, ये सब मैंने..."

"सूनबाई," मामा मराठीत म्हणाले, "तुम्ही गप्प राहा."

सूनबाई! त्या उघड्या माळावर, कामाच्या जागी! दीड वर्ष मला असिस्टंट म्हणून रगडलं, आणि जिथे असिस्टंट म्हणून मान खाली घालून उभं राहायचं, तिथे मला पदराखाली लोटलं. मी इतकी संतापले, की थंडी वाजायची थांबली. आम्ही तिथं नऊ दिवस होतो. चर सहा फुटांवर जाऊन दगड-बजरी बसेपर्यंत मामा काठावर खुर्ची टाकून बसून राहिले, डोळ्याला कापूस लावून, त्या वाऱ्यात. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

परतीच्या बसमध्ये मी फुटलेच. "साहेब, चूक माझी होती. ती माझ्याकडून काढून घ्यायचा तुम्हाला काय अधिकार?"

मामांनी डोळ्यावरचा कापूस नीट दाबून बसवला. मग म्हणाले, "हं. ते बरोबर. लॅबमध्ये गेल्यावर लाल वहीत लिही."

मी लिहिलं. "अकरा डब्यांतील पाणी मी मोगऱ्याला घातले. हरीरामला विचारले नाही. विचारले नसताना साहेबांना खोटे सांगितले." खाली माझी सही. मामांनी ते पान मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाले, "तारीख घाल." यापलीकडे या विषयावर ते जन्मात एक अक्षर बोलले नाहीत. लॅबमध्ये नवा कुणी आला की मात्र त्याच्यापुढे ते पान उघडायचं काम माझ्याकडे होतं.

वसतिगृह उभं राहिलं. तो इंजिनियर दर वर्षी बर्फ वितळला की एक पोस्टकार्ड पाठवी. "भिंतींना चीर नाही." मामा ते माझ्याकडून दोनदा वाचून घेत. दोनदा, कारण त्यांना स्वतः वाचता येत नव्हतं. तो डोळा त्या प्रवासानंतर परत कधी नीट झाला नाही, आणि दुसराही पुढे साथ देईना. कुणी विचारलं तर म्हणत, "वय झालं." मी तिथे उभी असले तर जरा जास्तच मोठ्याने म्हणत.

पुढची अकरा वर्षं प्रत्येक रिपोर्ट मी त्यांना वाचून दाखवला. प्रत्येक. आणि प्रत्येकाच्या शेवटी, पेनासाठी हात पुढे करण्याआधी, तोच प्रश्न. "हरीराम काय म्हणाला?" हरीराम थकून गावी गेला, नवी माणसं आली, तरी प्रश्न तोच. पुढे हरीराम वारला, मामा त्याच्या तेराव्याला भिंडला जाऊन आले, आणि आल्यावर पहिल्याच रिपोर्टला, "हरीराम काय म्हणाला?" मी वैतागून म्हटलं, "साहेब, हरीराम गेला. आता मुन्नालाल आहे." म्हणाले, "माहीत आहे मला. काय म्हणाला?"

ते गेले त्या दुपारी आम्ही सगळे त्यांच्याभोवती होतो. मी पायाशी, डोक्यावर पदर घेऊन. त्यांनी हात चाचपत पुढे केला, मला वाटलं पाणी हवंय. पेला दिला तर नको म्हणाले. बोटं तशीच उघडी ठेवली, पेन धरावं तशी. मी माझं बोट त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी ते धरलं.

आता माझी नात रेवा याच धंद्यात आहे. तिने सिव्हिल केलं, माती घेतली. मी तिला नको म्हटलं होतं, पण आमच्या घरात माझं कोण ऐकतं? सध्या ती लडाखकडे एका दवाखान्याच्या पायासाठी गेली आहे. तिचं यंत्र आपोआप ठोके मोजतं, आकडे आपोआप मोबाइलवर येतात. गेल्या आठवड्यात संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. नाक लाल, अंगात चार स्वेटर.

"आजी, देख ना, किती क्लीन डेटा आहे! रिपोर्ट आज रातको ही पाठवून देते."

"खणणारा काय म्हणाला?" मी विचारलं.

"आजी, यार! सगळं रेकॉर्ड आहे, बोलले ना मी तुला. तो काय म्हणणार? तो बस मशीन पकडतो."

"काय म्हणाला?"

"तू ना, एकदम हद्द करतेस!" आणि तिने फोन बंद केला. आमच्याच घराण्यातली आहे, मला माझाच आवाज ऐकू आला होता.

तासाभराने परत फोन. या वेळी बाहेर होती, वाऱ्याचा फरफर आवाज येत होता, मागे एक म्हातारासा माणूस हात बगलेत घालून उभा होता.

"आजी, याचं नाव दोर्जे आहे," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "मी... मला नाव माहीत नव्हतं. तो म्हणतो, कोपऱ्यातल्या भोकात कुछ अलग लागलं होतं, पण किसीने पूछा ही नहीं. काय विचारू त्याला?"

मी चष्मा लावला आणि उठून लाल वही काढली. मामांनंतर तिच्यात कुणी काही लिहिलं नव्हतं.

"आत्ता काही विचारू नकोस," मी म्हटलं. "थंडीत उभं केलंयस त्याला. आधी चहा दे."